बलाढ्य कंपनीचे मरण छातीठोकपणे कसे वर्तवावे

तंत्रज्ञानाच्या जगातील एखादी बलाढ्य कंपनी येत्या पाच वर्षांत बुडणार, हे चारचौघांत ठामपणे सांगता येणे ही आता सुशिक्षितपणाची किमान अट झाली आहे. आपल्याला अद्याप ते जमत नसेल, तर संकोच बाळगण्याचे कारण नाही. या कामासाठी ताळेबंद वाचता यावा लागत नाही, अभियांत्रिकीचे शिक्षण लागत नाही, आणि स्वतःचे पैसे त्या भाकितावर लावण्याची तर मुळीच आवश्यकता नसते. किंबहुना ते लावूच नयेत. कारण पैसे अडकले की माणूस विचार करू लागतो, आणि विचार करणारा माणूस ‘बहुधा’, ‘कदाचित’ असले शब्द वापरून सगळी मजा घालवतो.

प्रथम बाजू निवडावी. तिची शास्त्रशुद्ध पद्धत एकच आहे: आपल्या खिशात ज्या कंपनीचा फोन आहे ती द्रष्टी, आणि समोरच्याच्या खिशात ज्या कंपनीचा आहे ती अस्ताला चाललेली. फोन बदलल्यास मत बदलायला आठवडाभराचा अवधी घ्यावा. त्याहून घाई केल्यास लोक आपल्याला उथळ समजतात. एकदा बाजू ठरली की त्या कंपनीविषयी बोलताना ‘आम्ही’ असे म्हणण्यास हरकत नाही. ‘आम्ही गेल्या तिमाहीत त्यांना मागे टाकले’ असे सांगणाऱ्याकडे त्या कंपनीचा एकही शेअर नसतो आणि तिच्या दुरुस्ती केंद्रात त्याला इतरांइतकेच ताटकळावे लागते, हे खरे. पण व्यवहार पाहून ठेवलेली निष्ठा ती निष्ठा कसली?

भाकीत चुकले तर काय, ही भीती नवशिक्यांना छळते. पूर्वसूरींची चरित्रे वाचल्यास ती पार निघून जाते. ऑक्टोबर १९९७ मध्ये संगणक बनवणाऱ्या डेल कंपनीचे संस्थापक मायकेल डेल यांना एका कार्यक्रमात विचारण्यात आले की, ॲपलचा कारभार तुमच्या हाती आला तर काय कराल? कंपनी बंद करून भागधारकांचे पैसे परत करीन, असे त्यांनी उत्तर दिले. त्या आर्थिक वर्षात ॲपलला एक अब्ज डॉलरहून अधिक तोटा झालेला होता, त्यामुळे सल्ला तसा अडाणीपणाचा नव्हता. पुढे जानेवारी २००६ मध्ये ॲपलचे बाजारमूल्य डेल यांच्या कंपनीहून जास्त झाले, तेव्हा ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवून त्या जुन्या उत्तराची मुद्दाम आठवण करून दिली. म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ ते वाक्य त्यांनी मनात जपून ठेवले होते. पण बिघडले काय? डेल आजही जगातील अतिश्रीमंतांत मोडतात. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर आयफोनला खदखदून हसले. पाचशे डॉलरचा फोन, त्यातून त्याला कळफलकही नाही, तो कामाची माणसे घेतील कशाला, असा त्यांचा सवाल होता, आणि या फोनला बाजारात दखल घेण्याजोगा हिस्सा मिळण्याची शक्यताच नाही, असा निर्वाळाही त्यांनी दिला होता. त्यांनी पुढे दोन अब्ज डॉलरला बास्केटबॉलचा एक संघ विकत घेतला. भाकीत खोटे ठरल्याने माणसाचे किती नुकसान होते, हे यावरून ध्यानात यावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. मरण वर्तवताना ते एकट्याचे कधीही वर्तवू नये. किमान दोन तिरड्या बांधाव्यात. या बाबतीत मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये घालून दिलेला धडा अभ्यासण्याजोगा आहे. विंडोज फोन ७ ही फोनची कार्यप्रणाली तयार झाल्याच्या आनंदात त्यांनी रेडमंड येथील कंपनीच्या आवारात चक्क अंत्ययात्रा काढली. शववाहिनी आणली होती, आयफोनची आणि ब्लॅकबेरीची भलीमोठी प्रतिरूपे होती, आणि मागून वेशभूषा करून नाचणारे कर्मचारी होते. त्या दोघांपैकी ब्लॅकबेरीचा फोन खरोखरच मेला. म्हणजे पन्नास टक्के यश, आणि हे प्रमाण या क्षेत्रातील जाणकारांच्या सरासरीहून नक्कीच चांगले असावे. खांदा देणारा विंडोज फोनच पुढे स्वतः निवर्तला, ही गोष्ट वेगळी. त्याच्या पायी मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनव्यवसाय पाच अब्ज युरोंहून अधिक किंमत देऊन २०१४ मध्ये ताब्यात घेतला आणि २०१५ मध्ये त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. त्याची अंत्ययात्रा मात्र कोणी काढल्याचे ऐकिवात नाही.

येथे एक सावधगिरी. ‘मरण’ म्हणजे नेमके काय, हे कधीही स्पष्ट करू नये. नोकिया मेली असे आपण म्हणालो आणि समोरच्याने विचारले की, मग जगभरच्या मोबाइल कंपन्यांना नेटवर्कची यंत्रसामग्री विकणारी ती नोकिया कोणती, तर पंचाईत होते. आयबीएमला दरवर्षी कोणीतरी पुरते, आणि दरवर्षी बँकांचे व्यवहार तिच्याच मेनफ्रेम या अवाढव्य संगणकांवर निमूटपणे चालू राहतात. ब्लॅकबेरीचे सॉफ्टवेअर आज मोटारगाड्यांत बसलेले असते. या कंपन्या मरत नाहीत, चर्चेतून जातात; मात्र हा भेद मान्य केला तर आपल्या भाकितातील सारा थरार निघून जाईल, म्हणून तो मान्य करू नये.

सर्वांत कठीण भाग पुढे आहे, आणि तेथेच अनेक होतकरू भविष्यवेत्ते डळमळतात. तो म्हणजे या युद्धावरचा विश्वास टिकवून धरणे. आपण ज्या दोन कंपन्यांना एकमेकींच्या रक्ताच्या तहानलेल्या समजतो, त्या अधूनमधून असे काही वागतात की अनुयायाची मान खाली जावी. ऑगस्ट १९९७ मध्ये बोस्टनच्या मेळाव्यात जॉब्ज मंचावर उभे असताना मागच्या प्रचंड पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा उमटला, आणि मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवणार असल्याचे जाहीर झाले. सभागृहातील भक्तांनी हुर्यो केली. त्यांची बाजू अगदी न्याय्य होती: इतकी वर्षे ज्याला सैतान मानले, तो मदतीला आला तर आपण खर्च केलेल्या द्वेषाची भरपाई कोणी करायची?

तेव्हापासून हा प्रकार वाढतच गेला आहे. अँड्रॉइड श्रेष्ठ की आयफोन, यावरून जिवलग मित्रांत अबोला धरण्याच्या या काळात गूगलने आयफोनवर आपलेच शोधयंत्र पहिले राहावे म्हणून ॲपलला एकट्या २०२२ या वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले. ही रक्कम दोघांपैकी कोणी आपण होऊन सांगितली नव्हती. अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात ती बाहेर आली. ॲपल आणि सॅमसंग यांनी २०११ ते २०१८ अशी सात वर्षे न्यायालयात एकमेकींवर नक्कल केल्याचे आरोप केले. वकील ज्या फोनवरून भांडत होते, त्यातील मुख्य चिप अनेक वर्षे सॅमसंगच्याच कारखान्यात तयार होत होती, आणि २०१७ च्या आयफोन टेनचा सुंदर पडदाही सॅमसंगनेच पुरवला. दिवसा दावा लावायचा आणि संध्याकाळी मालाची मागणी नोंदवायची, हा त्यांचा नित्यक्रम. आपण मात्र असल्या तपशिलांनी विचलित होऊ नये. सेनापतींनी आपापसांत सोयरीक जुळवली म्हणून सैनिकाने तलवार म्यान करावी असे थोडेच आहे? उलट, त्यांच्याकडून जो जोश दाखवायचा राहून जातो तो आपणच भरून काढायचा आहे, आणि तोही बिनपगारी.

याच कारणास्तव ज्या कंपन्यांचे खरोखर चालते त्यांच्याकडे पाहणे टाळावे. तैवानमधील टीएसएमसी ही कंपनी ॲपल, एनव्हिडिया, एएमडी आणि क्वालकॉम या सर्वांच्या चिप बनवून देते आणि स्वतःच्या नावाने ग्राहकाला काहीच विकत नाही. अत्याधुनिक चिपवरील सूक्ष्म रचना टोकाच्या अतिनील (ईयूव्ही) किरणांनी छापणारे यंत्र जगात फक्त नेदरलँड्समधील एएसएमएल बनवते. या कंपन्यांची ना कोणी बाजू घेऊन भांडतो, ना त्यांच्या बोधचिन्हाचे स्टिकर लॅपटॉपवर चिकटवतो. युद्धातील दोन्ही फौजांना एकाच दुकानातून दारूगोळा मिळतो, असे एकदा लक्षात आले की निकालाविषयीची उत्सुकता फार कमी होते. तेव्हा त्या दिशेला न बघणेच श्रेयस्कर.

मरणाच्या भाकितात ज्यांना रस वाटत नाही, त्यांनी अमरत्वाचे भाकीत करावे. तेही तितकेच सोपे आहे आणि त्याला अधिक मान मिळतो, कारण त्यासाठी गंभीर चेहरा करून ‘मक्तेदारी’ हा शब्द उच्चारता येतो. या पंथातील आद्य उदाहरण आयबीएमचे. अमेरिकी सरकारने १९६९ मध्ये तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला आणि तो १९८२ मध्ये निराधार म्हणून मागे घेतला. खटला संपण्याच्या काही महिने आधी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला होता. त्याची कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली, प्रोसेसर इंटेलकडून घेतला, आणि आपली मक्तेदारी मोडण्याचे जे काम तेरा वर्षे सरकारी वकिलांना जमले नव्हते ते स्वहस्ते उरकले. पुढे २००० मध्ये मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा आदेश झाला. वरच्या न्यायालयाने तो २००१ मध्ये रद्द केला खरा, पण तोवर लोकांना इंटरनेटवर शोधाशोध करण्यासाठी मायक्रोसॉफ्टची गरज उरली नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने शोधाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी टिकवल्याचे न्यायाधीश अमित मेहता यांनी ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय सुचवण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी गूगलला क्रोम हा ब्राउझर विकायला लावण्याचे नाकारले, आणि निर्मितीक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेने परिस्थिती बदलली असल्याची दखल निकालात घेतली. थोडक्यात, एखादी कंपनी अजिंक्य असल्याचे कागदोपत्री सिद्ध होईपर्यंत तिला घाम फोडणारा कोणीतरी दारात येऊन उभा राहिलेला असतो. म्हणून अजिंक्यतेविषयी बोलायचे असेल तर खटला दाखल होतानाच बोलून घ्यावे. निकालानंतर फार उशीर होतो.

मासिकांच्या मुखपृष्ठांचाही चांगला उपयोग होतो. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘फोर्ब्स’ने नोकियाच्या एक अब्ज ग्राहकांचा गौरव करून, या सम्राटाला कोणी गाठू शकेल काय, असे मुखपृष्ठावर विचारले होते. त्या वेळी आयफोन दुकानांत येऊन उणेपुरे पाच महिने झाले होते. अमरत्वाचा आणखी ठोस पुरावा हवा असल्यास कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्कची हकीकत आठवावी. तेथे सन मायक्रोसिस्टिम्स या एके काळच्या मातब्बर कंपनीचे प्रशस्त आवार होते. ती ओरॅकलच्या पोटात गेली आणि २०११ च्या सुमारास फेसबुक त्या आवारात राहायला आले. प्रवेशद्वारावरचा सनचा फलक त्यांनी काढून टाकला नाही. तो फक्त उलटा फिरवला आणि कोऱ्या बाजूवर आपला वर केलेला अंगठा रंगवला. मागच्या बाजूला सनचे नाव तसेच राहिले, कर्मचाऱ्यांना धडा मिळावा म्हणून, असे सांगतात. धड्याचे माहीत नाही, फलकाचा खर्च नक्कीच वाचला.

सध्याच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हंगामात तर या विद्येला सुवर्णकाळ आला आहे, कारण कोण कोणाचा शत्रू हे आता कंपन्यांनाही नीट सांगता येत नाही. मायक्रोसॉफ्टने ओपनएआयमध्ये अब्जावधी डॉलर गुंतवले आणि २०२४ च्या वार्षिक अहवालात तिचे नाव स्पर्धकांच्या यादीत घातले. गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या चिप विकणाऱ्या एनव्हिडियापासून सुटका व्हावी म्हणून स्वतःच्या चिप तयार करीत आहेत आणि तोपर्यंत एनव्हिडियाच्या दारात रांग लावून उभ्या आहेत. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस ओपनएआयचे चॅटजीपीटी आले, तेव्हा गूगलचे दिवस भरल्याचे सर्वांना एकदम कळले. फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलच्या बार्ड या चॅटबॉटने जाहिरातीतच जेम्स वेब दुर्बिणीविषयी चुकीचे उत्तर दिले आणि कंपनीच्या बाजारमूल्यातून एका दिवसात सुमारे १०० अब्ज डॉलर उडाले. त्या आठवड्यात ज्यांनी मृत्युलेख लिहिले नाहीत त्यांना काळाची पावले ओळखता येत नाहीत, असे समजले गेले. ज्यांनी लिहिले, त्यांना गूगलच्या नंतरच्या विक्रमी नफ्याविषयी आजवर कोणी जाब विचारलेला नाही. हेच तर या व्यवसायाचे सौंदर्य आहे.

आता प्रत्यक्ष सरावासाठी एखादी कंपनी हवी असेल, तर इंटेल घ्यावी. फोनसाठी चिप बनवण्याची संधी तिने घालवली, चिप बनवण्याचे दहा नॅनोमीटरचे तंत्र वर्षानुवर्षे रखडले, टीएसएमसी पुढे निघून गेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकी शेअर बाजाराच्या डाऊ जोन्स निर्देशांकातून तिला काढून तिच्या जागी एनव्हिडियाला बसवण्यात आले. इतका नाट्यमय शेवट लेखकाला स्वतःला सुचला नसता, त्यामुळे ‘एनव्हिडियाने इंटेलला संपवले’ अशा मथळ्याचे लेख अनेकांनी तयार ठेवले. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने इंटेलचा सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला, आणि सप्टेंबरमध्ये खुद्द एनव्हिडियाने मारेकऱ्याला न शोभणाऱ्या औदार्याने तिच्यात पाच अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. तयार लेख घाबरून फाडून टाकू नयेत. मथळ्यातील दोन्ही नावांची तेवढी अदलाबदल करून ते जपून ठेवावेत. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग स्वतःच वर्षानुवर्षे आपल्या माणसांना बजावत आले आहेत की, आपली कंपनी बुडायला फक्त तीस दिवस उरले आहेत.