दोन ठिकाणचे निखारे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली आणि योहानाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलच्या नव्या करारातल्या चार येशूचरित्रांपैकी एक, पुन्हा उघडून बसलो. उत्तराला आठवडा लागला, त्याबद्दल माफ करा.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी येशूच्या पुनरुत्थानानंतरची, म्हणजे तो मरणातून उठल्यावरची, ती न्याहारी घेतली होती: गालीलातल्या तिबिर्याच्या सरोवराचा काठ, रात्रभर रिकामं आलेलं आणि पहाटे येशूच्या सांगण्यावरून टाकल्यावर 153 माशांनी भरलेलं जाळं, आणि येशूने आपल्या प्रमुख शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारलेलं, 'तू माझ्यावर प्रीती करतोस का?' यावर तुमचे आक्षेप असे. ही गोष्ट ज्यात आहे तो योहानाचा शेवटचा, एकविसावा अध्याय मागाहून जोडलेला आहे. जोडला तो पेत्राचं, म्हणजे पर्यायाने (पोप स्वतःला पेत्राचे वारस मानतात म्हणून) रोमचं, मोठेपण ठसवायला. आणि त्या प्रश्नोत्तरांत प्रीतीसाठी आलेल्या 'अगापे' (निःस्वार्थ प्रेम) व 'फिलिया' (मैत्रीतलं प्रेम) या दोन ग्रीक शब्दांमधला फरक मी सोयीने गाळला.

आधी माझी चूक कबूल करतो, जी तुमच्याही नजरेतून सुटली. 'गालीलात येशू शिष्यांना पहिल्यांदा दिसला तेव्हा' असं मी लिहून गेलो. योहान मात्र स्पष्ट म्हणतो की शिष्यांना दिसण्याची ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळा यरुशलेमेतल्या, दारं बंद केलेल्या घरातल्या. बाकीच्या तीन शुभवर्तमानांपैकी मार्क आणि मत्तय गालीलकडे बोट दाखवतात, लूक यरुशलेम सोडत नाही, योहानात दोन्ही ठिकाणं आहेत. या कथांची सांधेजोड करून एकच वेळापत्रक काढण्याचा उद्योग मी करत नाही.

अध्याय जोडलेला असावा, हे मलाही पटतं. विसाव्या अध्यायाचे शेवटचे दोन श्लोक वाचले की पुस्तक संपल्यासारखंच वाटतं. पण विसाव्यावर थांबणारी पूर्ण ग्रीक प्रत सापडलेली नाही, म्हणजे जोड झाली असली तरी ती फार लवकर झाली. आणि समजा ती नंतरचीच. नंतर लिहिणाऱ्याने काय लिहिलं, हे तरी बघायला नको का?

माझ्या लेखाचा सगळा भार एका शब्दावर होता, आणि नेमकं त्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. शिष्य काठावर उतरतात तेव्हा तिथे कोळशाचा विस्तव असतो, त्यावर मासळी, शेजारी भाकर. कोळशाच्या विस्तवासाठी ग्रीकमध्ये इथे 'अँथ्राकिया' हा शब्द आहे. सबंध नव्या करारात तो दोनच वेळा येतो, आणि दुसरी जागा म्हणजे याच शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय. येशूला पकडलं ती थंडीची रात्र, प्रमुख याजकाचं अंगण, चाकर आणि शिपाई निखाऱ्यांवर शेकत उभे, आणि त्यांच्यात पेत्र. तिथे त्याला विचारतात काय? बाकीच्या शुभवर्तमानांत तो येशूला नाकारत म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. योहानात प्रश्नच वेगळा आहे: 'तूही त्याच्या शिष्यांपैकी ना?' आणि उत्तर, 'मी नाही.' दुसऱ्यांदा तोच प्रश्न, तेच उत्तर. योहानाच्या पेत्राने नाकारलं ते स्वतःचं शिष्यपण. म्हणून काठावरच्या संभाषणाचा शेवट 'माझ्यामागे ये' असा होतो. पहिल्या बोलावण्याचेच हे शब्द. 'शिष्यत्वाचं नूतनीकरण' हा माझा शब्द तुम्हाला भाबडा वाटला, तो मी इथून उचलला होता.

आता सांगा, एखाद्याचं आसन पक्कं करायचं असेल तर त्याच्या सगळ्यात लाजिरवाण्या रात्रीचा विस्तव पुन्हा पेटवून त्याला शेजारी कोण बसवेल? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, हेही लिहून ठेवलंय. या उताऱ्याचा आधार पुढे अधिकारासाठी घेतला गेला, हे खरंच. ताबगा इथे, त्याच सरोवराकाठी, फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासीसंघाचं 1933 चं छोटं चर्च आहे, त्याचं नावच पेत्राच्या प्रमुखपदावरून आहे. पण वापर एक आणि मजकूर दुसरा. पेत्राच्या उत्तरावर येशू म्हणतो, 'माझ्या मेंढरांना चारा घाल', यात मेंढरं येशूचीच राहतात, पेत्राच्या नावावर होत नाहीत.

'अगापे-फिलिया'बद्दल: येशू दोनदा एक क्रियापद वापरतो, तिसऱ्यांदा दुसरं, आणि पेत्र तिन्ही वेळा दुसरंच. प्रवचनात हे फार रंगतं, मीही लहानपणापासून ऐकत आलोय. अडचण अशी की योहान ही क्रियापदं अदलाबदलीने वापरतो. पिता पुत्रावर प्रीती करतो, हे तिसऱ्या अध्यायात एका क्रियापदाने आणि पाचव्यात दुसऱ्याने सांगितलंय. येशूच्या आवडत्या शिष्याबद्दलही तेच. म्हणून गाळलं. यात सोय नव्हती, उलट एक हुकमी टाळी गेली.

जाळ्यातल्या त्या 153 माशांची तुम्ही थट्टा केलीत. संत ऑगस्टीन यांनी 1 ते 17 अंकांची बेरीज 153 होते, यावरून बराच अर्थ काढला होता. मी वसईचा. होडी किनाऱ्याला लागली की आमच्याकडे आधी मोजणी, मग वाटे, मग गप्पा. जाळ्यातली मासळी मोजली याचं मला कधी नवल वाटलं नाही.

तुमच्या आक्षेपाशी माझ्यापेक्षाही जास्त भांडतं ते पुढचं दृश्य. 'माझ्यामागे ये' ऐकून पेत्र निघतो, आणि लगेच मागे वळून बघतो. तो दुसरा, आवडता शिष्य, पाठोपाठ येत असतो. पेत्र विचारतो, 'प्रभू, याचं काय?' नुकतीच मेंढरं सोपवलेल्या माणसाला उत्तर मिळतं, 'तुला काय त्याचं? तू माझ्यामागे ये.'