केबिनच्या नळाला तपकिरी पाणी : फिरणारा मजकूर कुठे चुकतो

क्रूझ जहाजाच्या केबिनमधल्या बेसिनात तपकिरी पाणी साचलेलं दिसतं, अशा फोटोखाली एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं : हे कमोडचंच पाणी गाळून परत नळाला सोडलेलं आहे, नाहीतर समुद्राचं पाणी तसंच उपसून दिलेलं आहे. क्लोरीनचा वास येतो तो घाण झाकण्यासाठी. या पाण्याने नुसते दात घासले तरी उलट्या-जुलाब लागतात, म्हणून ते उकळून किंवा ब्लीचचे थेंब टाकूनच वापरा. त्यावर हमखास येणारं उत्तर असतं, ‘काही होत नाही, दोन मिनिटं नळ सोडा आणि विसरून जा.’

या दोन्ही सल्ल्यांनी लोकांचं नुकसान होतं. पाण्याच्या रंगावरून ते कुठल्या टाकीला, कुठल्या नळीला घासून आलं याचा चांगला अंदाज येतो. त्यात रोगजंतू आहेत की नाहीत, हे मात्र रंग सांगत नाही. आता एकेक दावा घेऊ.

‘कमोडचं पाणी परत फिरवतात’

जहाजावर मैला, बेसिन-शॉवरचं सांडपाणी आणि पिण्याचं पाणी या तिन्हींच्या नळ्या, टाक्या आणि पंप वेगवेगळे असतात. कमोड निर्वात पद्धतीचे असतात. बटण दाबलं की नळीतल्या उणे दाबाने मैला ओढला जातो आणि एका वेळी साधारण एक-दीड लिटर पाणी पुरतं. पुढे तो प्रक्रिया यंत्रणेत जातो आणि तिथून समुद्रात. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या परिशिष्टात त्यासाठी अंतरं ठरवून दिली आहेत : बारीक करून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे, तसं न केलेला १२ मैलांपलीकडे. पिण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता या साखळीत कुठेच नाही.

हा समज कुठून आला असेल, हेही सांगता येतं. काही जहाजांवर एसीच्या कॉइलवर जमणारं पाणी गोळा करून लाँड्रीला किंवा फ्लशला वापरतात. ते कधीकधी पिवळसर दिसतं. कमोडमधल्या त्या पाण्याचा फोटो नळाच्या पाण्याचा पुरावा म्हणून पुढे पाठवला जातो.

खरी भीती उलट्या प्रवाहाची असते. कुठेतरी पाण्यात बुडालेला होज असेल आणि त्याच वेळी नळीतला दाब पडला, तर घाण पाणी मागे खेचलं जाऊ शकतं. म्हणून जिथे पिण्याचं पाणी दुसऱ्या यंत्रणेला भेटतं तिथे हवेची फट ठेवतात, म्हणजे नळाचं तोंड काठापासून नळीच्या व्यासाच्या किमान दुप्पट उंच. जिथे ते जमत नाही तिथे उलटा प्रवाह रोखणारे वॉल्व्ह बसवतात आणि ते ठरावीक काळाने तपासतात. असा बिघाड झालाच, तर पाण्याला साबणाची चव, फेस, तेलकटपणा किंवा नाल्याचा वास येतो. तसं काही जाणवलं तर नळ सोडून बघत बसू नका. बंद करा आणि लगेच कळवा.

‘समुद्राचं पाणी तसंच देतात’

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते एक घोटही लपत नाही आणि त्यात साबणाला धड फेसही येत नाही. जहाजावरचं गोडं पाणी दोन ठिकाणांहून येतं. एक तर बंदरावर होजने भरून घेतलेलं, ज्याला बंकरिंग म्हणतात. दुसरं जहाजावरच बनवलेलं. बनवण्यासाठी इव्हॅपोरेटरमध्ये हवेचा दाब कमी करून, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी १०० अंशांच्या बरंच खाली उकळतात आणि वाफ थंड करतात. किंवा आरओमध्ये ते साधारण ५५ ते ७० बार दाबाने पडद्यातून ढकलतात. इव्हॅपोरेटरच्या तोंडाशी क्षारमापक असतो. क्षार वाढले की ते पाणी टाकीत न जाता आपोआप बाहेर वळवलं जातं. बंदरात, नांगर टाकून उभं असताना किंवा प्रदूषित पाण्यात पाणी बनवू नये, असा नियमही आहे.

‘तपकिरी म्हणजे जंतू’

इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळा घोळ इथेच आहे.

ऊर्ध्वपातनाने किंवा आरओने बनलेलं पाणी क्षारहीन आणि किंचित आम्ल असतं. असं पाणी धातूला खातं. म्हणून टाकीत जाण्याआधी ते चुनखडी किंवा डोलोमाइटच्या खड्यांच्या थरातून नेतात, म्हणजे त्यात थोडं कॅल्शियम येतं आणि पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं पाणी आम्ल) वर येतो. हे खडे झिजत जातात. वेळेवर भरले नाहीत की पीएच घसरतो आणि पाणी वाटेतल्या पोलादी जोडांचं, पंपाच्या आवरणाचं, बिडाच्या वॉल्व्हचं, टाकीच्या निघालेल्या रंगाखालचं लोखंड उचलू लागतं. नव्या जहाजांत नळ्या तांब्याच्या, स्टेनलेस स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या असतात, म्हणून ‘गंज येणारच कुठून’ असं विचारलं जातं. तो टाकीतून येतो, जोडांतून येतो, गरम पाण्याच्या साठ्यातून येतो आणि कधीकधी बंदराच्या पाण्याबरोबरही येतो. बंदरावरच्या हायड्रंटचं पहिलं पाणी वाहून न देता होज जोडला, तर तिथला साचलेला गाळ थेट जहाजाच्या टाकीत जातो.

दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. नळीच्या आतल्या भिंतीवर जो थर बसतो तो एका विशिष्ट पाण्याशी जुळून बसलेला असतो. काल जहाजावर बनवलेलं मऊ पाणी होतं, आज बंदराचं जड पाणी आलं, की तो थर सुटू लागतो. म्हणजे दोन्ही पाणी आपापल्या जागी उत्तम असूनही बदलाच्या वेळी नळाला रंग येऊ शकतो. संध्याकाळी जेवणाआधी सगळे एकदम शॉवर घेतात तेव्हा नळीतला वेग वाढतो आणि तळाशी बसलेला बारीक गाळ उचलला जातो. ड्राय डॉकमधून, म्हणजे पाण्याबाहेर काढून केलेल्या दुरुस्तीतून, नुकतंच आलेलं जहाज, दुरुस्तीसाठी बंद करून उघडलेला वॉल्व्ह, बरेच दिवस रिकामी राहिलेली केबिन या सगळ्यांत हेच घडतं.

पाण्यात लोखंड लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्यांवर, बेसिनवर डाग पडू लागतात, चवही जाणवू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने लोखंडासाठी आरोग्यावर आधारित मर्यादा ठरवलेली नाही, कारण तब्येतीला त्रास होण्याच्या कितीतरी आधीच ते पाणी माणूस तोंडाला लावत नाही. जहाजावर गाजणारा उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस बहुतेक वेळा माणसाकडून माणसाला, हात लागलेल्या वस्तूंवरून आणि अन्नातून पसरतो. तो पाण्यात असता तरी पाण्याला रंग आला नसता. लेजिओनेला हा तुषारांवाटे श्वासात जाऊन न्यूमोनिया करणारा जिवाणू तर स्वच्छ दिसणाऱ्या कोमट पाण्यात वाढतो. म्हणून जहाजावर गरम पाणी ५० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पाणी २५ च्या खाली ठेवण्याचा आग्रह असतो.

‘क्लोरीनचा वास म्हणजे काहीतरी लपवलंय’

अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या प्रवासी जहाजांची तपासणी सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम करतो. त्याच्या नियमांनुसार पाणी भरताना किंवा बनवताना त्यात मुक्त क्लोरीन (जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं) किमान २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम, आणि पीएच जास्तीत जास्त ७.८ असावा लागतो. पुढे नळापर्यंत ते प्रमाण ०.२ च्या खाली आणि ५ च्या वर जाता कामा नये. नळजाळ्याच्या सगळ्यात दूरच्या टोकाला त्याची सतत नोंद घेणारं यंत्र असतं. शिवाय दर महिन्याला जहाजाच्या पुढच्या, मागच्या, वरच्या आणि खालच्या भागांतून किमान चार नमुने ई. कोलायसाठी, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेल्या जिवाणूसाठी, तपासतात. तेव्हा हलका क्लोरीनचा वास येणं हे यंत्रणा चालू असल्याचं लक्षण आहे.

‘काही होत नाही, विसरून जा’

हा उलटा सल्ला जास्त सभ्य वाटतो, म्हणून जास्त लोक ऐकतात. त्याला आमचा ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण साध्या रसायनात आहे. विरघळलेलं लोखंड क्लोरीन खातं : १ मिलिग्रॅम लोखंडामागे सुमारे ०.६४ मिलिग्रॅम. मँगेनीज त्याच्या दुप्पट, सुमारे १.३ मिलिग्रॅम. ज्या पाण्यात आधीच ०.३ पीपीएमच क्लोरीन उरलं होतं, त्यात अर्धा मिलिग्रॅम विरघळलेलं लोखंड आलं की संरक्षण संपलं. गाळाच्या कणांआड जंतूही क्लोरीनपासून लपतात. रंग स्वतः रोग नसला, तरी तो ज्या टोकाला दिसतो तिथलं क्लोरीन मोजलं गेलंच पाहिजे.

सगळे रंग लोखंडाचेही नसतात. निळसर-हिरवट झाक आणि कडवट चव म्हणजे तांबं. ते लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर मळमळ होऊ शकते. असं पाणी पिऊ नये आणि तान्ह्या बाळाच्या दुधासाठी तर मुळीच वापरू नये. काळे कण बोटाने चिरडल्यावर शाईसारखे पसरले, तर बहुधा बेसिनखालच्या लवचिक होजचं आतलं रबर क्लोरीनने झिजून सुटतं आहे. तो होज बदलायलाच हवा. काळपट बारीक गाळ मँगेनीजचाही असतो. दुधाळ पाणी ग्लासात खालून वर स्वच्छ होत गेलं, तर ती नुसती हवा आहे.

‘उकळा, ब्लीच टाका’

उकळल्याने लोखंड जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट थोडं वाढतं. शिवाय केबिनमध्ये पाणी तापवण्याची उपकरणं वापरायला बहुतेक जहाजांवर बंदी असते, आगीच्या धोक्यामुळे. घरगुती ब्लीच थेंबांनी टाकून पिणं हा तर धोकादायक सल्ला आहे. बाटलीवरचं प्रमाण माहीत नसतं, त्यात सुगंधी आणि साबणी द्रव्यं असू शकतात, आणि पाण्यात आधीच किती क्लोरीन आहे याचा पत्ता नसतो. अशा पाण्यात पांढरे कपडे भिजवले असतील तर त्यांनाही ब्लीच लावू नका. डाग पक्का होतो. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून चांगलं खळबळून काढा.

मग केबिनमध्ये काय करायचं

आधी फक्त थंड नळ. गरम नळ सोडला तर साठ्यातला गाळ गरम नळीत ओढला जातो. बेसिनच्या नळातून मिनिटाला साधारण ४ ते ६ लिटर पाणी येतं. तीन मिनिटं पूर्ण सोडा. सुरुवातीला, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी असे तीन पारदर्शक ग्लास भरा आणि मागे पांढरा कागद धरून बघा.

तिसरा ग्लास स्वच्छ असेल, तर रंग मुख्य नळीतून तुमच्या केबिनकडे येणाऱ्या नळीत साचलेल्या पाण्याचा होता. नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवायला सांगा, कारण कण तिथे अडकून राहतात. मग गरम नळ तसाच वाहू द्या. केबिन बरेच दिवस रिकामी असल्याचं कळलं असेल तर शॉवरही काही मिनिटं सोडा, पण शॉवरचं तोंड खाली धरून, दार लावून स्वतः बाहेर थांबा. त्या तुषारांत श्वास घेऊ नये.

तिसराही ग्लास रंगीतच असेल, तर शेजारच्या आणि वरच्या-खालच्या केबिनमध्ये विचारा. वरखालच्या केबिन सहसा एकाच उभ्या नळीवर असतात. तिथेही तेच असेल तर दोष त्या नळीत, सगळ्या डेकवर असेल तर टाकीत किंवा नव्याने भरलेल्या पाण्यात.

फक्त गरम पाणीच रंगीत असेल तर संशय गरम पाण्याच्या साठ्यावर जातो. आणि तीन मिनिटांनंतरही थंड नळ कोमटच राहिला, तर शॉवरच्या मिक्सरमधला एकदिशा वॉल्व्ह अडकून गरम पाणी थंड नळीत शिरत असण्याची शक्यता मोठी. हा दोष शेजारच्या केबिनमध्येही असू शकतो. तो लहानसा वाटतो, पण लेजिओनेलाच्या दृष्टीने गंजापेक्षा गंभीर आहे.

क्लोरीन तपासायच्या पट्ट्या जवळ असतील तर तीन मिनिटं सोडलेल्या थंड नळाच्या पाण्यावर ‘मुक्त क्लोरीन’चा चौकोन वाचा, ‘एकूण’चा नाही. ०.२ च्या खाली दिसलं तर ते पाणी पिऊ नका, दातही त्याने घासू नका, आणि तो आकडा तक्रारीत द्या.

गेस्ट सर्व्हिसला ‘पाणी खराब आहे’ एवढंच सांगितलं तर माणूस येतो, नळ सोडून बघतो आणि जातो. त्याऐवजी हे लिहून द्या : केबिन क्रमांक, डेक, वेळ, गरम की थंड, रंग, किती मिनिटांनी साफ झालं, शेजारी आहे का. सोबत तीन ग्लासांचा फोटो. आणि विचारा की या केबिनच्या नळावर मुक्त क्लोरीन किती आलं. मोजमाप छोट्या उपकरणाने काही मिनिटांत होतं. आकडा ०.२ ते ५ च्या आत आणि पाणी स्वच्छ, तर वापरायला हरकत नाही. आकडा मिळत नसेल किंवा नळ सोडून साफ केल्यावरही रंग दुसऱ्या दिवशी परत येत असेल, तर पिण्यासाठी दुसरीकडचं पाणी घ्या आणि दुसऱ्या उभ्या नळीवरची केबिन मागा. त्याच रांगेतली वरची किंवा खालची केबिन घेऊन काही बदलणार नाही.