अंगणवाडी आहे, मग पाळणाघर कशाला? फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

नोकरी-मजुरी करणाऱ्या कुटुंबांसाठी पाळणाघरांवरचा सरकारी खर्च वाढवा, अशी मागणी निघाली की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: गावोगाव अंगणवाड्या आहेत, घरात आजी-आजोबा आहेत, बायकांच्या खात्यात पैसे येतात, कंपन्यांना तर पाळणाघर कायद्यानेच द्यावे लागते. परदेशात असल्या योजनांनी मुले बिघडली आणि आपल्याकडची पाळणाघरे मुलांअभावी बंद पडली. म्हणून हा खर्च म्हणजे उधळपट्टी. यातला परदेशाचा मुद्दा गंभीर आहे, त्यावर सविस्तर लिहितो. बाकीचे मुद्दे आधी घेऊ.

अंगणवाडी १९७५ साली सुरू झाली ती पोषण, लसीकरण आणि शाळेआधीच्या शिक्षणासाठी. दिवसभर मूल सांभाळणे हे तिचे काम कधीच नव्हते. ती बहुतेक ठिकाणी चार-साडेचार तास चालते. तिथे येऊन बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी नेण्याचा शिधा मिळतो. आता खुरपणीला सकाळी आठला निघून संध्याकाळी परतणारी आई डोळ्यांपुढे आणा. नऊ महिन्यांच्या बाळाचे पोट एवढेसे असते. वजनाच्या दर किलोमागे साधारण तीस मिलीलिटर मावते. म्हणून त्याला दिवसातून तीन-चार वेळा घट्टसर, वर चमचाभर तेल-तूप घातलेले खाणे भरवावे लागते. नुसत्या वरणाच्या पाण्याने पोट भरते, ताकद मिळत नाही. शिध्याचे पाकीट घरात आहे, पण ते शिजवून चार वेळा भरवणारे माणूस घरात नाही. अशा घरात पाकिटाने कुपोषण हटत नाही.

आजी-आजोबांचे म्हणाल, तर मजुरीच्या घरात पन्नाशीची आजीही रोजावरच जाते. मग बाळ कडेवर येते ते मोठ्या बहिणीच्या, आणि तिची शाळा बुडते. आजी घरी असेल तर उत्तमच. पाळणाघराची सक्ती कोणावरही नाही.

‘लाडकी बहीण’चे दीड हजार रुपये महिन्याला मिळतात, त्यातून पाळणाघर लावा, हा सल्ला देणाऱ्याने आधी तालुक्याच्या गावाबाहेर एक खाजगी पाळणाघर शोधून दाखवावे. जागा, दोन माणसे, स्वयंपाक हा खर्च मुले दहा असोत की पंचवीस, ठरलेलाच असतो. फी देऊ शकणारी घरे एका वस्तीत तेवढी जमत नाहीत, त्यामुळे तिथे कोणी पाळणाघर काढतच नाही. खात्यात पैसे आले म्हणून गावात पाळणाघर उभे राहत नाही.

कंपन्यांच्या जबाबदारीबद्दल. कारखाने कायद्यात पाळणाघराची अट तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे होती. बायकाच मोजायच्या म्हटल्यावर तिसावर थांबणे मालकाच्या फायद्याचे ठरते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० कर्मचारी, मग ते स्त्री असोत वा पुरुष, अशी अट घातली. ही सुधारणा खरोखर चांगली होती. पण शेतमजूर, घरकामगार, भाजीवाली यांचा मालक कोण? ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, दोघांनी मिळून फेडायची, म्हणजे मागे राहायला कोणी नाही. बाळ फडातच, पाचटावर. ही माणसे पहाटे अंधारात तोडीला निघतात, आणि ऊस भरायची गाडी येईल तेव्हा, कधी रात्रीसुद्धा, भरणीला जातात. सरकारी पाळणाघराचे साडेसात तास त्यांना पुरत नाहीत. त्यांच्यासाठी हंगामापुरते केंद्र कारखान्याच्या अड्ड्यावर हवे आणि गावातली नावनोंदणी टोळीबरोबर पुढे सरकायला हवी.

आता परदेश. कॅनडाच्या क्युबेक प्रांताने १९९७ साली रोज पाच डॉलरमध्ये पाळणाघर देऊ केले. कामावर जाणाऱ्या आयांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या अर्थतज्ज्ञांच्या २००८ च्या अभ्यासात मुलांमध्ये आक्रमकपणा आणि चिंता वाढल्याचे दिसले, हेही खरे. संदेश इथेच थांबतो. पण तिथे मागणी झपाट्याने वाढली आणि सगळ्या जागा सारख्या दर्जाच्या नव्हत्या. ना-नफा केंद्रांच्या तुलनेत नफ्यासाठी चालणाऱ्या केंद्रांचा दर्जा खालचा निघाला. यातून धडा घ्यायचा तो हा की स्वस्त फीबरोबर माणसांची संख्या आणि प्रशिक्षण वाढले नाही, तर त्याची किंमत मूल मोजते.

आपल्याकडे नेमकी तिथेच काटकसर होते. सरकारी पाळणाघरांच्या ‘पाळणा’ योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस. दुपारी बाराला मदतनीस चुलीपाशी असते. सेविका एका बाळाला भरवते आहे, दुसऱ्याने लंगोट ओला केला आहे, तिसरे रडत दाराकडे रांगते आहे आणि चार वर्षांची दोघे एका खेळण्यावरून भांडताहेत. कितीही मायाळू बाई असली तरी अशा वेळी रांगणाऱ्याला पाळण्यात अडकवून ठेवते. बोलणे, खेळवणे, हाताळणे यातून मेंदूची वाढ होते, आणि नेमके तेच पहिले सुटते. तीन वर्षांखालची दहाहून जास्त मुले असतील तिथे तिसरे माणूस द्यायलाच हवे. वाढीव निधीचा पहिला रुपया रंगीत भिंतींवर जाऊ नये.

आणि उधळपट्टी किती, ते मोजूनच बघा. पाळणा सेविकेला महिना ५,५०० रुपये, मदतनिसाला ३,०००. अंगणवाडीला जोडलेले केंद्र असेल तर अंगणवाडी सेविकेला वर १,५०० आणि तिच्या मदतनिसाला ७५०. बेरीज १०,७५०. पट भरलेला असेल तर एका मुलामागे महिन्याला ४३० रुपये, म्हणजे २६ दिवसांच्या हिशेबाने दिवसाला साडेसोळा. एवढ्या पैशांत दिवसभर मूल सांभाळले जाते, हा या बायकांवरचा अन्याय आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, मुले येत नाहीत म्हणून केंद्रे बंद पडली. गेल्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात देशात सरकारी मदतीवर चालणारी अशी वीस हजारांहून जास्त पाळणाघरे होती, २०२० पर्यंत ती सात हजारांच्या आत आली. मधल्या काळात, २०१७ मध्ये, खर्चाची वाटणी बदलली: केंद्र सरकार ६० टक्के, राज्य सरकार ३०, पाळणाघर चालवणारी संस्था १०. पूर्वी केंद्र सरकारचा वाटा बराच मोठा होता. एकाचा हप्ता अडला की मानधन थकते. तेव्हा सेविकेचे मानधन होतेच तीन हजार, ते थकल्यावर ती मजुरीला जाते. केंद्र तीन दिवस बंद राहिले की आई दुसरी सोय बघते आणि परत फिरकत नाही. मग पट कमी दिसतो आणि तोच पुरावा म्हणून पुढे केला जातो. मानधन महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या, शिध्याची तीन महिन्यांची रक्कम आगाऊ द्या, दर चार-पाच केंद्रांमागे एक बदली मदतनीस ठेवा आणि दार मजुरीच्या वेळेआधी उघडा. ‘मुले येत नाहीत’ हे ठरवायचे असेल, तर त्यानंतरचा पट मोजा.