‘लेकरांचं बालपण हिरावू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच. बालवाडीतल्या लेकरांना ‘गुड टच, बॅड टच’ शिकवणं हे पाश्चात्त्य खूळ आहे. त्याने निरागसता जाते, मुलं काका-मामांकडेही संशयाने पाहू लागतात. आपल्या एकत्र कुटुंबात असलं काही होत नव्हतं. अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको, एवढं सांगितलं की पुरे. शिवाय मुलं काहीही सांगतात, त्यात एखाद्या निरपराध माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही.

‘पाश्चात्त्य खूळ’ हा मुद्दा लवकर उरकते. शरीराविषयी मराठीत उघडपणे लिहिणारं र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ साली निघालं, त्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४च्या खटल्यात कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. २००७ साली राज्य सरकारने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, तेव्हाही संस्कृतीचीच ढाल पुढे होती. हे भांडण आपलंच आहे, आणि जुनं आहे.

शिवाय चार वर्षांच्या मुलाला शिकवायचं ते लैंगिक शिक्षण नाहीच. चड्डीच्या आत झाकलेलं असतं ते तुझं. आई-बाबा, आजी तिथे हात लावतील ते अंघोळीपुरता, शी धुण्यापुरता. डॉक्टर तपासतील तेव्हा आम्ही शेजारी असू. बाकी कुणी बघू लागलं, हात लावू लागलं, फोटो काढू लागलं किंवा स्वतःचं दाखवू लागलं, तर आम्हाला येऊन सांग, आम्ही रागावणार नाही. एवढंच. यात घाबरण्यासारखं काही असेल तर ते आपल्याला वाटतं, मुलाला नाही. ‘गॅसजवळ जाऊ नको’ हे जसं ते ऐकतं, तसंच हेही ऐकतं.

शिकवल्याने मुलं भेदरतात का, हे तपासून झालं आहे. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५च्या आढाव्यात अनेक देशांतल्या शाळांमधले २४ अभ्यास आणि सुमारे ५,८०० मुलं होती. या शिकवणीमुळे मुलांची भीती किंवा चिंता वाढल्याचं दिसलं नाही. शिकवणी न मिळालेल्या हजार मुलांमागे सुमारे ४ जणांनी आपल्यावरच्या अत्याचाराविषयी सांगितलं, मिळालेल्या हजारांमागे १४ जणांनी. अत्याचार कमी झाले, असं मात्र त्या आढाव्यातून सिद्ध होत नाही. ते साहजिक आहे. चार वर्षांचं मूल मोठ्या माणसाला अडवू शकत नाही, सांगू शकतं. ‘जोरात नाही म्हण आणि पळ’ एवढंच शिकवून मोकळे होणाऱ्या शाळांवर म्हणून माझाही राग आहे. वर्षातून एकदा तक्ते दाखवायचे आणि जबाबदारी लेकराच्या खांद्यावर टाकायची! आणि ‘बॅड टच’ दर वेळी वाईट वाटतोच असं नाही. तो गुदगुल्यांच्या खेळातून, मांडीवर बसवण्यातून, चॉकलेटमधून येतो. स्पर्श कसा वाटला यावर सगळी भिस्त ठेवली, तर मूल गोंधळतं. त्यापेक्षा ‘आईला सांगू नको’ असं मोठ्या माणसाने म्हटलं की तेच आधी येऊन सांगायचं, हा नियम लहान मुलांना पटकन कळतो. बाबांच्या वाढदिवसाचा केक लपवणं वेगळं, तो संध्याकाळी सगळ्यांना दिसणारच असतो.

आता एकत्र कुटुंब. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. लैंगिक छळाचा एखादा तरी प्रकार सोसल्याचं ५३.२२ टक्के मुलांनी सांगितलं. त्यात जबरदस्तीने मुका घेण्यापासून बलात्कारापर्यंत सगळं मोजलं होतं, म्हणून आकडा मोठा, हे मान्य. पण त्याच अहवालातल्या आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. असं सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून अधिक होते, ५२.९४ टक्के. आणि बहुतेक मुलांनी तोवर कुणालाही काही सांगितलं नव्हतं. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणजे आमच्या वेळी कुणी बोलत नव्हतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडची पॉक्सोखालच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या, बलात्काराची प्रकरणं पाहिली, तर दर वर्षी ९० टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. म्हणजे खाऊवाल्या अनोळखी माणसाचा नियम उरलेल्या थोड्यांना लागू. बरं, चार वर्षांच्या मुलाला अनोळखी माणूस असतो तरी कुठे? व्हॅनचे काका, वॉचमनकाका, वरच्या मजल्यावरचे काका, शाळेतले सफाईवाले दादा. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्यातला आरोपी शाळेचाच सफाई कर्मचारी होता. त्या चिमुकल्यांनी घरी त्रास सांगितला, म्हणून ते बाहेर आलं.

तरीही ‘मग काका-मामांवर संशय घ्यायचा का?’ हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. घरोघरी अडतं ते इथेच. नागपूरची आत्या वर्षाने येते, ‘ये, पापी दे’ म्हणते, पोरगी आईच्या मागे लपते आणि आपण तिला ढकलतो, ‘दे ना गं, आत्याला वाईट वाटेल!’ आत्याच्या मनात काही वावगं नसतं. पण त्या ढकलण्यातून पोरगी शिकते की मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून नको असलेला स्पर्श सोसायचा असतो. ज्याला तिचा गैरफायदा घ्यायचा आहे, त्याचं निम्मं काम आपणच करून ठेवतो. नमस्कार करू दे, टाळी देऊ दे, लांबूनच हसू दे. आत्या दोन मिनिटं रुसेल, मग पिशवीतून चिवडा काढेल. माया असलेल्या माणसाला मुलाच्या ‘नको’ने कायमची इजा होत नाही. ज्याला तो ‘नको’ फारच झोंबतो, त्याच्याकडे जरा लक्ष असू द्यावं.

खोट्या आरोपांचा मुद्दा मेसेजमधला सर्वांत वजनदार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीवर १९८३ साली आरोप झाले. मुलांना उत्तर सुचवणारे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९९० साली एकाही दोषसिद्धीशिवाय संपला. पण तिथे चुकले ते प्रश्न विचारणारे मोठे. मुलाने काही सांगितलं की ‘काकांनी इथे हात लावला का?’ असं विचारायचं नाही. ‘बरं, मग काय झालं?’ एवढंच. ते ज्या शब्दांत बोलेल, त्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवायचं. दहा नातेवाइकांसमोर वदवून घ्यायचं नाही आणि त्या माणसाला घरी बोलावून समोरासमोर तर अजिबात करायचं नाही. अवयवांची खरी नावं मुलाला ठाऊक असली तर गैरसमजाला जागा आणखी कमी राहते. खोट्या आरोपाची भीती असणाऱ्याने तर ही शिकवणी आधी मागावी.

‘पोलिसांत गेलं की लेकराचे हाल’ अशी पुरवणी हल्ली या मेसेजला जोडलेली दिसते. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२पासून लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. त्यानुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, गणवेशात नसतात आणि आईवडील किंवा विश्वासातलं माणूस जवळ असतं. मुलाची ओळख माध्यमांत उघड करता येत नाही. प्रत्यक्षात हे दर वेळी पाळलं जात नाही, बदलापुरात तक्रार नोंदवून घ्यायलाच झालेल्या उशिरावर उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. म्हणून या तरतुदी पालकांनाच पाठ हव्यात. गुन्हा ठाऊक असून न कळवणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेसारख्या संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर वर्षभरापर्यंत. कुणाला विचारावं कळत नसेल, तर मुलांच्या मदतीसाठीचा चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि फोनला पैसे पडत नाहीत.