विंचेस्टरबाईंचे जिने भुतांसाठी नव्हते

कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील विंचेस्टर हवेलीविषयी एक मजकूर नेहमी फिरत असतो. रायफलींनी मेलेल्यांचे आत्मे मागे लागले आहेत, बांधकाम थांबले तर मृत्यू अटळ आहे, असे एका मांत्रिकाने सारा विंचेस्टर यांना सांगितले. म्हणून या बंदूक कारखानदाराच्या विधवेने 38 वर्षे अहोरात्र घर बांधले आणि भुतांना चकवण्यासाठी छताला टेकणारे जिने काढले, असा त्याचा आशय आहे.

आधी आकडा. विंचेस्टरबाईंनी आठ खोल्यांचे अपुरे घर 1886 मध्ये विकत घेतले आणि 1922 मध्ये त्या वारल्या, म्हणजे हिशेब 36 वर्षांच्या पुढे जातच नाही. ‘अहोरात्र’ही टिकत नाही, कारण आपण थकून गेल्याने सगळ्या कामगारांना रजा दिली, असे त्यांनीच नणंदेला पत्राने कळवले होते.

मांत्रिकाच्या भेटीला त्या काळातील एकही कागद आधार देत नाही. गावगप्पा त्यांच्या हयातीतच सुरू झाल्या होत्या, हे खरे. पण 1923 मध्ये तिकीट लावून घर दाखवायला सुरुवात झाली, आणि भुताची गोष्ट तिकिटे खपवते, हे कोणीही मान्य करील.

राहता राहिले जिने. 18 एप्रिल 1906 च्या भूकंपात सात मजली मनोरा कोसळला, वरचे मजले बाईंनी पुन्हा बांधले नाहीत, आणि वर जाणारे जिने व बाहेर उघडणारी दारे यांतली बरीचशी जागच्या जागी राहिली. एका वळणावळणाच्या जिन्याला 44 पायऱ्या आहेत, पण प्रत्येक पायरीची उंची जेमतेम दोन इंच. बाईंना संधिवात होता आणि पाय उचलणे कठीण जात असे, एवढे त्याचे कारण पुरेसे आहे. आतल्या भिंतींतील खिडक्यांचे कोडेही असेच सुटते: मूळची बाहेरची भिंत पुढे खोल्या वाढवल्यावर आत आली. बाईंनी वास्तुविशारदांना कामावरून काढून आराखडे स्वतःच काढल्याने अशी जोडकामे जागोजाग दिसतात. शिवाय हवेली ज्या क्वीन ॲन नावाच्या बांधकामशैलीत आहे, तिच्यात दोन बाजू सारख्या नसणे हा दोष मानला जात नाही.

बाई वेड्या होत्या, असाही आरोप होतो; त्याला उत्तर झाडांच्या खोलीत आहे. तिथल्या जमिनीच्या फळ्या उचलता येतात, आणि कुंड्यांचे जादा पाणी खालच्या नळांतून बागेत जाते.