चाळीस हजारांतली बारा

दिवाळीच्या खरेदीत बिल १,६६० रुपये झालं आणि दुकानदाराने चहा विचारावा तसं विचारलं, "भिया, तीन सौ चालीस का और कर दूँ? दो कूपन बन जाएँगे." हजाराला एक कूपन, पहिलं बक्षीस ८०,००० रुपयांची स्कूटर. मी तीन टॉवेल घेतले. घरात आधीच इतके टॉवेल आहेत की पाहुण्यांना वाटावं, आम्ही लॉज चालवतो.

असं करत इंदूरच्या राजवाड्याजवळच्या त्या एकाच दुकानातली बारा कूपनं माझ्या नावावर झाली. प्रत्येकावर नाव-पत्ता-मोबाइल मी स्वतः लिहिला, घोटीव अक्षरात. (अक्षर चांगलं असलं की चिठ्ठी निघते, असा माझा समज आहे.) बँकेत तीस वर्षं कॅश सांभाळली, रुपयाचा फरक आला तर मी घरी जात नसे.

मुलीने माझ्याकडे उरलेल्या अर्ध्या कूपनावरचा नंबर पाहिला. चाळीस हजारांच्या वर.

"बाबा, ८०,००० भागिले ४०,०००. एक कूपन दोन रुपयांचं. बारांचे चोवीस. आणि तुम्ही टॉवेल केवढ्याचे आणलेत?"

मी गप्प.

"दर दिवाळीला बारा भरलीत, तर सरासरी ३,३३३ दिवाळ्यांत एकदा लागेल."

मल्हारराव होळकर इंदुरात आले तेव्हापासून कूपनं भरत आलो असतो, तरी अजून ३०० दिवाळ्यासुद्धा झाल्या नसत्या.

बायकोला हे गणित न शिकता येतं. गणेशोत्सवात कॉलनीच्या पाककृती स्पर्धेला ती दरवर्षी जाते, कारण तिथे बक्षिसं तीन आणि स्पर्धक पाच. आमच्या फळीवरचे स्टीलचे डबे सगळे तिथले. मला स्पर्धक मोजायची बुद्धी कधी झाली नाही. मी बक्षिसाचा फोटो बघतो.

आणि एका दुपारी फोन आला. स्कूटर लागली! फक्त ३० टक्के टॅक्स, म्हणजे २४,००० रुपये, आधी भरायचे. मी एवढाही भोळा नाही. "फ्रॉड!" म्हणून फोन आपटला आणि संध्याकाळी मेहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं. ते सीए.

"अहो, टॅक्स खरंच ३० टक्के लागतो," ते म्हणाले. "१०,०००च्या वरचं बक्षीस वस्तूचं असलं, तर टॅक्स भरल्याशिवाय ती हातात देता येत नाही."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ३,३३३ दिवाळ्यांची पुण्याई मी स्वतःच्या हाताने आपटली होती! सकाळी शटर वर जायच्या आत चेकबुक घेऊन दुकानापुढे उभा.

मालकांनी शांतपणे अगरबत्ती लावली. "भिया, ड्रॉ तो परसों है."

काउंटरवर कूपनांचा पारदर्शक डबा होता. काचेला चिकटून माझं कूपन. घोटीव अक्षर. मोबाइल नंबर रस्त्यावरून वाचता येत होता.

आता आलोच होतो, तर उशांचे अभ्रे बघितले. बिल ८७० झालं. मालकांनी कूपनबुकावर पेन टेकवून माझ्याकडे पाहिलं.

"रुमाल दाखवा," मी म्हटलं.