इथाकाची सात मुलं आणि आमचं बोर्डिंग

गेल्या महिन्यात आमच्या पुण्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर पुन्हा तो विषय निघाला. कोल्हापुरातली जातीच्या नावाची बोर्डिंगं आता बंद करावीत, निदान त्यांच्या पाट्या तरी उतरवाव्यात. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, मग बोर्डिंगांनाच का सोडायचं, असा मुद्दा. तोवर मी गप्प होतो. मग एकाने लिहिलं, "अमेरिकेत बघा, सगळी मुलं एका हॉस्टेलात राहतात, कोण कुठला ते कुणी विचारत नाही. म्हणून ते पुढे गेले." आणि खाली माझं नाव घालून, "तू तिथेच आहेस ना, सांग जरा यांना."

अमेरिकेचा दाखला द्यायला मी हवा असतो. पण अमेरिकेत खरंच काय झालं ते ऐकायची तयारी कुणाचीच नसते. चार ओळींत मावणारं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावात राहतो, नोकरी वर टेकडीवर, कॉर्नेल विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत. बार्न्स हॉलसमोर एक दगडी भिंत आहे, इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळलेली, तिला जोडून बाक. उन्हाळ्यात पहिली कित्येक वर्षं मी तिथे बसून डबा खाल्ला. भिंतीवर काय कोरलंय ते वाचलं नव्हतं. एका शरद ऋतूत काळ्या-सोनेरी जाकिटातले सत्तरीचे एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले आणि भिंतीवर तळहात ठेवून बराच वेळ तसेच राहिले. आपल्याकडे माणूस देवळाच्या उंबऱ्याला हात लावतो, तसे. ते गेल्यावर मी उठून वाचलं.

ती भिंत अल्फा फाय अल्फाची. ४ डिसेंबर १९०६ रोजी याच गावात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ही फ्रॅटर्निटी, म्हणजे एकमेकांना भाऊ मानणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना, काढली. कॉलेजात शिकणाऱ्या कृष्णवर्णीयांची, ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेली आणि आजवर टिकलेली ही पहिली. कॉर्नेलची शाखा म्हणजे तिचा अल्फा चॅप्टर, मूळ घर. हेन्री कॅलिस, चार्ल्स चॅपमन, युजीन किंकल जोन्स, जॉर्ज केली, नथॅनिएल मरे, रॉबर्ट ओगल, व्हर्टनर टँडी. संघटनेत त्यांना रत्नं, 'ज्युएल्स', म्हणतात, भिंतीचा 'जे' त्या इंग्रजी शब्दावरून आलेला. नोव्हेंबर २००५ मध्ये सातशेहून जास्त सभासद टेकडी चढून आले आणि ही भिंत उघडी केली. सगळी वाट ते एक शब्द न बोलता चालले.

आता ग्रुपवरच्या मित्राने नीट ऐकावं. कॉर्नेल हे उदार विद्यापीठ. कुणीही यावं आणि काहीही शिकावं, असं एझ्रा कॉर्नेलचं वाक्य विद्यापीठाच्या मुद्रेवरच आहे. प्रवेश सगळ्यांना खुला होता. पण १९०४-०५ मध्ये इथे असलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी सहा जण पुढच्या वर्षी परत आलेच नाहीत. त्यांना कुणी काढलं नव्हतं. वर्गात बसू देत होते, मात्र वर्ग सुटल्यावर जायला जागा नव्हती. गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निट्यांची घरं होती. तिथे राहणं, जेवण, जुन्या परीक्षांचे कागद, वरच्या वर्गातल्या मुलांची मदत, पुढच्या ओळखी, सगळं एका छपराखाली मिळे. त्या घरांत यांचा प्रवेश वाढपी म्हणून. यांतले काही जण तिथे ताटं वाढायचे. फ्रॅटर्निटी म्हणजे काय ते त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं.

खोल्या मिळाल्या त्या टेकडीखाली, गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत. ईस्ट स्टेट स्ट्रीट, नॉर्थ ऑल्बनी स्ट्रीट. माझी बस रोज त्या भागातून जाते. त्या घरांच्या बैठकीच्या खोल्यांत आधी एक अभ्यासमंडळ जमायला लागलं. पुस्तकं वाचायची, निबंध वाचून दाखवायचे, गणितात मागे पडलेल्याला बसवून शिकवायचं. पुढाकार होता चार्ल्स पॉइंडेक्सटर यांचा. ते वयाने आणि शिक्षणाने इतरांच्या पुढे होते.

मला या गोष्टीतला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग वाटतो तो पुढचा. वर्षभर या मुलांचं आपसांतच जुंपलं होतं, आणि मुद्दा आपल्या ग्रुपवरच्या मुद्द्याहून फार वेगळा नव्हता. आपण साहित्यमंडळच राहायचं की फ्रॅटर्निटी व्हायचं? ज्यांनी आपल्याला दाराबाहेर ठेवलं त्यांचीच रीत, त्यांचीच ग्रीक अक्षरं, त्यांचेच गुप्त विधी आपण का उचलायचे? पॉइंडेक्सटर यांना फ्रॅटर्निटी पटत नव्हती. डिसेंबरातल्या त्या बैठकीत निर्णय झाला तेव्हा ते बाहेर राहिले, आणि म्हणून भिंतीवर त्यांचं नाव रत्नांमध्ये नाही. ज्यांनी मंडळ उभं केलं ते त्यातून निघाले, आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी ते पुढे नेलं. माझं मन दर वेळी दोन्हीकडे ओढतं. पण पोरांचं बरोबर होतं असंच मी म्हणेन. मंडळ आठवड्यातून एकदा भरतं. भाऊबंदकी, तिच्या चांगल्या अर्थाने, चोवीस तासांची असते.

आणि ती कामाला आली. वर्षभरातच, डिसेंबर १९०७ मध्ये, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दुसरी शाखा निघाली. त्या सातांतला टँडी न्यूयॉर्क राज्यातला पहिला नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुविशारद झाला. हडसन नदीकाठी मॅडम सी. जे. वॉकर या कृष्णवर्णीय उद्योजिकेचा बंगला, व्हिला लेवारो, त्याने बांधला. केली राज्यातला पहिला नोंदणीकृत कृष्णवर्णीय अभियंता. कॅलिस डॉक्टर झाला. जोन्सने नॅशनल अर्बन लीगचा कारभार दोन दशकांवर सांभाळला. दक्षिणेतून शहरांकडे आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांना नोकरी आणि घर मिळवून देणं हे तिचं काम. कॉलेजात खोली न मिळालेल्या पिढीतला माणूस आयुष्यभर लोकांच्या घरांची काळजी वाहत राहिला. पुढे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल, धावपटू जेसी ओवेन्स, विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस, मार्टिन ल्यूथर किंग हे सगळे याच संघटनेचे सभासद. वॉशिंग्टनला किंग यांचं जे दगडी स्मारक २०११ मध्ये उघडलं, त्याची कल्पना १९८४ मध्ये याच भावांनी मांडली आणि पैसा गोळा करत सत्तावीस वर्षं पाठपुरावा केला.

या घरांची वाईट बाजू मला ठाऊक आहे. नव्या मुलांचा छळ होतो, दारू चालते. कॉर्नेलमध्येच एका वेगळ्या फ्रॅटर्निटीच्या घरात २०११ मध्ये त्यापायी एक मुलगा गेला. कृष्णवर्णीयांच्या संघटनांचाही इतिहास या बाबतीत स्वच्छ नाही. जानेवारीतल्या रश वीकमध्ये, म्हणजे या संघटना नवे सभासद निवडतात त्या आठवड्यात, बर्फातून रांगेने घरोघर जाणाऱ्या पोरी पाहिल्या की माझ्या मुलीने यात पडू नये असंच मला वाटतं.

पण प्रश्न अल्फाचा नाही, बोर्डिंगांचा आहे.

कोल्हापुरातही आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढलं होतं, हे ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं. १८९६ मध्ये शाहू महाराजांनी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींचं वसतिगृह सुरू केलं. दार कुणालाच बंद नव्हतं, तरी थोड्याच काळात तिथे ब्राह्मण मुलंच उरली. म्हणजे कॉर्नेलचीच गत, तीही दहा वर्षं आधी. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये, म्हणजे अल्फाच्याच वर्षी, मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. एका राजाने हे घडवलं आणि इथे वाढप्यांनी घडवलं, हा फरक मोठा आहे. पण गरज तीच होती. खेड्यातल्या पोराला शाळा मिळते, रात्री पाठ टेकायला जागा मिळत नाही, आणि तेवढ्यावरून तो गावी परत जातो.

माझ्याविरुद्धचा दाखलाही मीच देतो. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांना आंघोळ करायला सांगितलं, त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. आपल्याच छपराखाली तीच शिवाशिव. पुढे साताऱ्याला त्यांनी सर्व जातींच्या मुलांचं बोर्डिंग काढलं आणि ते चालवून दाखवलं. ग्रुपवर हे कुणी मांडलं असतं तर मला उत्तर देणं जड गेलं असतं. तरी एक म्हणतो: कर्मवीरांनी आधी स्वतःच्या हाताने सगळ्यांचं घर उभं केलं. दुसऱ्यांची घरं पाडा म्हणणाऱ्यांनी असं एक तरी उभं केलंय का?

अमेरिकेत कुणी विचारत नाही, असं तो म्हणाला. १९११ मध्ये कॉर्नेलच्या मुलींच्या वसतिगृहात दोन कृष्णवर्णीय मुलींना खोल्या देऊ नयेत म्हणून दोनशेहून जास्त गोऱ्या विद्यार्थिनींनी अर्जावर सह्या केल्या. अध्यक्ष शुरमन यांनी तो फेटाळला, हे त्यांचं मोठेपण. १९६९ च्या एप्रिलमध्ये कृष्णवर्णीय मुलींच्या घरासमोर रात्री क्रूस जाळला, ही गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची जुनी धमकी, त्यानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विलर्ड स्ट्रेट हॉल ही विद्यार्थी केंद्राची इमारत ताब्यात घेतली. १९७२ मध्ये नॉर्थ कॅम्पसवर उजामा हे कृष्णवर्णीय संस्कृतीला वाहिलेलं वसतिगृह सुरू झालं, आणि तेव्हापासून 'हे वेगळं राहणं कशाला' हा वाद इथेही चालूच आहे. फरक एवढाच की इथे कुणाला वेगळं घर का काढावं लागलं ते दगडावर कोरलंय, येणारा-जाणारा वाचतो. आपल्याकडे कारण विसरायचं आणि पाटीवरची जात तेवढी खुपते.

१९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डुबॉइस यांना पत्र लिहिलं, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागायला. त्या पत्राचा विचार करताना मला १९१७ चं बडोदं आठवतं. कोलंबियात शिकून आलेला माणूस, संस्थानची नोकरी हातात, आणि शहरात राहायला खोली नाही. पारशांच्या विश्रामगृहातून लोक लाठ्या घेऊन त्यांना बाहेर काढायला आले. आठ वर्षांनी, १९२५ मध्ये, त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढलं. खोली नाकारली जाणं म्हणजे काय हे ज्याला कळलं, तो आधी खोली बांधतो.

मला ते थोडंसं कळलं होतं. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात काढली. पत्र्याची ट्रंक, अकरा नंबरची खोली, तिघांत एक टेबल. शनिवारी घरून येणारा भाकरीचा डबा आम्ही दोन दिवस पुरवायचो. रसायनशास्त्र मला बीएस्सीच्या एका दादाने शिकवलं, रोज रात्री दहानंतर, एक पैसा न घेता. तो नसता तर मी पुण्याला गेलो नसतो, इथाका तर लांबच. पुण्यात खोली शोधताना पहिल्या घरमालकांनी विचारलं, कोल्हापुरात कुठे होतात? मी बोर्डिंगचं नाव सांगितलं. ते नाव म्हणजे माझी जातच. खोली आधीच दिली आहे म्हणाले, पाटी मात्र महिनाभर दारावर होती. दुसऱ्या घरी मी सांगितलं, मावशीकडे राहत होतो. खोली मिळाली.

तेव्हापासून मी मावशीकडेच राहत आलो. कॉलेजच्या चार वर्षांत, नोकरीच्या मुलाखतीत, लग्न ठरताना, इथल्या गणपतीच्या जेवणांत. चर्चच्या तळघरात मोदक वाढताना नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला कुणी ना कुणी आडनाव विचारतं, मग गाव विचारतं, मग गप्प होतं. मीही विचारलंय. समोरचा पोरगा उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबतो, ते थांबणं मला ओळखीचं आहे, आणि तरी मी विचारलंय. त्या सत्तरीच्या गृहस्थांनी भिंतीवर हात ठेवला तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला होता. आपल्याला ज्या घराने वाढवलं त्याचं नाव ते जाकिटावर शिवून टेकडी चढले होते.

परवा रात्री ग्रुपवर मी यातलं बरंचसं लिहिलं. १८९६ लिहिलं, १९०६ लिहिलं, आणि शेवटी बोर्डिंगचं नाव, खोली नंबर अकरा. तासभर कुणी काही बोललं नाही. मग एकाने दुसऱ्याच कशाचा तरी व्हिडिओ टाकला आणि ग्रुप पुढे गेला.

सकाळी वेगळा निरोप आला होता, ग्रुपवर नाही, फक्त मला. चार वर्षं माझ्याच बाकावर बसणाऱ्याचा, जो काका सोलापूरला आहेत असं नेहमी सांगायचा. "काका नव्हते रे. बोर्डिंग होतं." मी बसमध्ये होतो, नॉर्थ ऑल्बनीवरून चढाकडे वळताना. खोली नंबर किती, म्हणून मी विचारलं.